हवेचे वजन करणारे उमराव : लॉर्ड रॅले



आर्किमिडीजचा टब आणि न्यूटनचे सफरचंद या गोष्टी आपण सर्वांनी ऐकलेल्या असतात. त्या ऐकून असे वाटू लागते की, शोध हा विजेसारखा एका क्षणात चमकतो. या अंकात आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत, त्या लॉर्ड रॅले यांच्या मोठ्या शोधात असा एकही क्षण सापडत नाही. सापडतो तो एक काचेचा पोकळ गोळा, एक तराजू आणि वर्षानुवर्षे केलेली वजने. आपण दर श्वासाला आत घेतो त्या हवेत एक वायू शेकडो वर्षे कोणाच्याही नजरेस न पडता राहिला होता. रॅले यांनी तो वजनातल्या अकरा मिलिग्रॅमच्या फरकावरून हुडकून काढला.

अकरा मिलिग्रॅम म्हणजे किती? आपल्या इंदूरच्या सराफ्यात जुने सोनार गुंजेच्या हिशेबाने सोने तोलत. एक गुंज साधारण एकशे वीस मिलिग्रॅमची. तिचेही अकरा भाग करावे आणि त्यातला एक उचलावा, एवढे हे वजन. तांदळाचा अर्धा दाणा म्हटले तरी चालेल. एवढ्याशा फरकाकडे काणाडोळा करणे अगदी सोपे होते. रॅले यांनी तो केला नाही. हीच त्यांच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, असे आम्हांला वाटते.

अशक्त मुलगा

रॅले यांचे मूळ नाव जॉन विल्यम स्ट्रट. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडच्या इसेक्स परगण्यात झाला. घराणे जमीनदारांचे. वडील दुसरे बॅरन रॅले. टर्लिंग या गावी त्यांचा मोठा वाडा आणि हजारो एकर शेती होती. घरात विज्ञानाची परंपरा अशी नव्हती.

लहानपणी जॉनची प्रकृती फारच नाजूक होती. ईटन आणि हॅरो या दोन्ही नामवंत शाळांत त्याचे नाव घातले गेले, पण आजारपणामुळे दोन्हीकडचा मुक्काम थोडक्यात आटोपला. पुढचे शालेय शिक्षण त्याने एका धर्मोपदेशक शिक्षकांकडे राहून पूर्ण केले. शाळेत तो चमकला असे कोणी म्हणू शकले नसते.

१८६१ साली तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला आणि चित्र पालटले. एडवर्ड राउथ या विख्यात शिक्षकांच्या हाताखाली त्याने गणिताचा कसून अभ्यास केला. १८६५ च्या परीक्षेत तो सीनिअर रँग्लर झाला, म्हणजे गणिताच्या मानाच्या परीक्षेत पहिला आला. ‘रँग्लर’ हा शब्द मराठी घरांना परका नाही. पुढे १८९९ साली याच परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना विभागून मिळाला आणि महाराष्ट्र त्यांना कायम रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखू लागला.

वाडा आणि प्रयोगशाळा

त्या काळी उमरावाच्या थोरल्या मुलाने इस्टेट सांभाळावी, शिकार करावी, पार्लमेंटात बसावे अशी रीत होती. प्रयोगशाळेत हात काळे करणे हे अशा घराण्याला शोभणारे मानले जात नसे. जॉन स्ट्रट यांनी मात्र अमेरिकेच्या प्रवासाहून परतल्यावर १८६८ साली प्रयोगाची उपकरणे विकत घेतली आणि टर्लिंगच्या वाड्यातच कामाला सुरुवात केली.

१८७१ साली त्यांचा विवाह एव्हलिन बाल्फर यांच्याशी झाला. एव्हलिन यांचे बंधू आर्थर बाल्फर पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्याच वर्षी स्ट्रट यांनी आकाश निळे का दिसते याचे गणित मांडले. हवेतील अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश तांबड्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात, हे त्यांनी दाखवले. आपले चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली समुद्राच्या निळाईचा विचार सुरू केला, तो याच कामाला धरून.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांना संधिवाताचा ताप आला आणि जिवावरचे दुखणे निघाले. हवापालटासाठी पतिपत्नी इजिप्तला गेली. नाईल नदीवरच्या नावेत विश्रांती घेता घेता त्यांनी ध्वनिशास्त्रावरच्या ग्रंथाचे लेखन सुरू केले. त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ साली प्रसिद्ध झाले. मधल्या काळात, १८७३ साली, वडील वारले आणि ते तिसरे बॅरन रॅले झाले. काही वर्षे इस्टेटीचा कारभार पाहिल्यावर त्यांनी तो धाकटे बंधू एडवर्ड यांच्या स्वाधीन केला आणि आपला वेळ विज्ञानाला दिला.

१८७९ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचे निधन झाले. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील त्यांच्या जागी रॅले यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी पाच वर्षे काम केले. विजेच्या मापनाची एकके, म्हणजे ओहम, अँपिअर आणि व्होल्ट, त्यांनी नव्याने काटेकोरपणे ठरवली. या कामात त्यांच्या पत्नीची बहीण एलिनॉर सिज्विक यांनी त्यांना मोलाची साथ दिली. उपकरणांसाठी त्यांनी निधी जमवला आणि त्यात स्वतःचीही रक्कम घातली. प्रयोगशाळेचे वर्ग त्यांनी मुलींनाही मुलांच्या बरोबरीने खुले केले. १८८४ मध्ये पद सोडून ते टर्लिंगला परतले आणि घरच्या प्रयोगशाळेत ज्या कामाला बसले, ते हवा आणि वायू तोलण्याचे.

हवा तोलायची कशी?

हवेला वजन असते हे आज पाचवीतला मुलगाही सांगेल. पण ते मोजायला माणसाला फार काळ लागला. गॅलिलिओ यांनी बाटलीत हवा ठासून भरली आणि ती जड होते हे दाखवले. जर्मनीतील माग्डेबुर्गचे ऑटो फॉन गेरिके यांनी सतराव्या शतकाच्या मध्यावर निर्वात पंप बनवला, पोकळ भांड्यातली हवा काढून घेतली आणि भांडे हलके होते हे तराजूवर दाखवले.

गेरिके आणि इंग्लंडचे रॉबर्ट बॉइल यांनी आणखी एक सुंदर उपकरण वापरले. तराजूच्या एका टोकाला मोठा बंद पोकळ गोळा आणि दुसऱ्या टोकाला छोटेसे भरीव वजन टांगायचे. दोन्ही समतोल. पाण्यात बुडालेली वस्तू जशी हलकी वाटते, तशी हवेत ‘बुडालेली’ वस्तूही किंचित हलकी वाटते. गोळा मोठा असल्याने त्याला हवेचा उचल जास्त मिळतो. हवा दाट झाली की गोळ्याचे टोक वर जाते, विरळ झाली की खाली येते. म्हणजे हा तराजू हवेच्या घनतेचे मापच दाखवतो. तराजू काचेच्या हंडीत ठेवून आतली हवा काढून घेतली की गोळा झुकतो. हा प्रयोग भौतिकीच्या प्रयोगशाळांतून अजूनही दाखवला जातो.

अचूक मापनासाठी मात्र दुसरी रीत आहे. काचेचा गोळा घ्यायचा, पंपाने तो पूर्ण रिकामा करायचा आणि तोलायचा. मग त्यात हवा तो वायू ठरावीक तापमानाला व ठरावीक दाबाला भरायचा आणि पुन्हा तोलायचा. दोन वजनांतील फरक म्हणजे वायूचे वजन. गोळ्याचे आकारमान ठाऊक असले की घनता निघाली.

ऐकायला हे सोपे आहे. पण अडचणी पाहा. गोळा जड आणि आतला वायू अवघा दोन-अडीच ग्रॅम. खोलीतली हवा थोडी गरम झाली की गोळ्याला मिळणारा हवेचा उचल बदलतो. हवेतला ओलावा काचेवर बसतो आणि तेवढे वजन वाढते. यावर फ्रान्सच्या रेन्यो यांनी एकोणिसाव्या शतकात एक नामी युक्ती काढली होती. दुसऱ्या पारड्यात साधी वजने न ठेवता तेवढ्याच आकाराचा दुसरा बंद गोळा टांगायचा. म्हणजे हवामान बदलले तरी दोन्ही गोळ्यांवर सारखाच परिणाम होतो आणि चूक आपोआप कटते. रॅले यांनी हीच रीत घेतली. गोळा भरताना तो बर्फात बुडवून ठेवायचा, म्हणजे तापमान बरोबर शून्य अंश राहते.

पण रेन्यो यांच्याही ध्यानात न आलेली एक गोष्ट रॅले यांच्या लक्षात आली. रिकाम्या गोळ्यावर बाहेरून हवेचा दाब पडतो आणि काच असली तरी ती केसभर आत दबते. गोळा किंचित लहान झाला की त्याला मिळणारा हवेचा उचलही किंचित कमी होतो आणि रिकामा गोळा वाजवीपेक्षा जड भरतो. साहजिकच वायूचे वजन खरे असते त्यापेक्षा कमी येते. ही चूक एवढीशी होती, पण ती मोजून त्यांनी हिशेबात घेतली. ज्याला काचेचे दबणे दिसते, त्याच्या नजरेतून आणखी काय सुटणार?

दहा वर्षांची वजने

रॅले यांना वायू तोलायचे कशासाठी होते? १८१५ च्या सुमारास विल्यम प्राउट यांनी असे सुचवले होते की, प्रत्येक मूलद्रव्याचा अणुभार हा हायड्रोजनच्या अणुभाराच्या पूर्ण पटीत असावा. तसे असेल तर ऑक्सिजन हायड्रोजनच्या बरोबर १६ पट भरायला हवा. हे खरे की खोटे, ते तराजूच सांगणार होता. १८८२ साली रॅले यांनी हा प्रश्न हाती घेण्याचा मनोदय जाहीर केला. अंतिम उत्तर आले ते १८९२ साली : १५.८८. म्हणजे प्राउट यांची कल्पना जशीच्या तशी खरी नव्हती. एका आकड्यासाठी दहा वर्षे! मधल्या काळात इतर कामेही चालू होती हे खरे, पण हायड्रोजन इतका हलका की त्याच्या वजनातली बारीकशी चूकही उत्तर बिघडवते. तीच वजने त्यांनी पुनःपुन्हा केली.

मुंबईहून आलेला निबंध

या काळात रॅले रॉयल सोसायटीचे एक सचिवही होते. त्या वेळी घडलेली एक हकीकत आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. जॉन जेम्स वॉटर्स्टन नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील शिकाऊ मुलांना शिकवत असत. वायू म्हणजे सतत धावणारे, एकमेकांवर आदळणारे सूक्ष्म कण, असे मानून त्यांनी वायूंचे नियम गणिताने सिद्ध केले आणि १८४५ साली तो निबंध मुंबईहून लंडनला रॉयल सोसायटीकडे पाठवला. परीक्षकांनी तो निरर्थक ठरवला. निबंध परत न देण्याचा नियम होता, म्हणून तो कपाटात पडून राहिला. पुढे हेच विचार इतरांनी मांडले आणि त्यांना कीर्ती मिळाली.

१८९१ साली रॅले यांनी दप्तरातून तो निबंध शोधून काढला, वाचला आणि त्याचे मोल ओळखले. १८९२ साली स्वतः प्रस्तावना लिहून त्यांनी तो सोसायटीतर्फे छापला. तोवर वॉटर्स्टन हयात नव्हते, १८८३ सालीच ते गेले होते. इतरांनी ज्याकडे दुर्लक्ष केले, ते उचलून पाहायचे हा रॅले यांचा स्वभाव होता. पुढच्या गोष्टीत तो पुन्हा दिसेल.

अकरा मिलिग्रॅम

हायड्रोजन आणि ऑक्सिजन झाल्यावर पाळी आली नायट्रोजनची. हे काम सोपे वाटत होते. हवेतला ऑक्सिजन काढून घेतला की उरतो नायट्रोजन, असे सारे जग मानत होते.

पहिल्या रीतीत रॅले यांनी हवा अमोनियातून नेली आणि मग तापून लाल झालेल्या तांब्यावरून. तेथे हवेतला ऑक्सिजन अमोनियातल्या हायड्रोजनशी संयोग पावून नाहीसा होतो आणि नायट्रोजन उरतो. वजने एकमेकांशी छान जुळली. काम संपले असे म्हणायला हरकत नव्हती. पण एकाच रीतीवर विसंबायचे नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी अमोनिया वगळला आणि ऑक्सिजन नुसत्या तापलेल्या तांब्याने काढून घेतला. हीही वजने आपसांत छान जुळली. मात्र दोन्ही रीतींचे आकडे एकमेकांशी जुळेनात! हवेतून थेट काढलेला नायट्रोजन सुमारे एक हजारांश भाग जड भरला.

मित्रांनो, येथे थांबून विचार करा. हजारात एकाचा फरक. दोन्हींची सरासरी काढून मोकळे होता आले असते. रॅले यांनी उलट केले. फरक खरा असेल तर तो वाढवता आला पाहिजे, असा विचार करून त्यांनी अमोनियाच्या रीतीत हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला. आता मिळणारा सगळा नायट्रोजन अमोनियातला होता. फरक पाचपट वाढला, दोनशेत एक भाग झाला! म्हणजे ही तराजूची चूक नव्हती. खरोखरच काहीतरी वेगळे होते.

सप्टेंबर १८९२ मध्ये त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकाला पत्र लिहून आपली अडचण जगापुढे मांडली आणि रसायनशास्त्रज्ञांकडे खुलासा मागितला. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्याला समजत नाही असे जाहीरपणे लिहितो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. समाधानकारक उत्तर कोणाकडून आले नाही.

मग त्यांनी स्वतःच एकेक शंका तपासली. हलक्या नायट्रोजनात थोडा हायड्रोजन तर राहिला नसेल? त्यांनी मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला. शुद्धीकरणात तो पूर्ण निघून जात होता. नायट्रोजनच्या रेणूंचे तुकडे होऊन तो हलका झाला असेल? त्यांनी तो वायू आठ महिने तसाच साठवून ठेवला आणि पुन्हा तोलला. वजन बदलले नाही. मग नायट्रोजन वेगवेगळ्या संयुगांपासून बनवला आणि हवेतूनही वेगवेगळ्या रीतींनी काढला. त्यांच्या गोळ्यात मावणाऱ्या वायूचे वजन असे आले :

हवेतला नायट्रोजन, तापलेल्या तांब्याने : २.३१०३ ग्रॅम
हवेतला नायट्रोजन, तापलेल्या लोखंडाने : २.३१०० ग्रॅम
नायट्रिक ऑक्साइडपासून : २.३००१ ग्रॅम
नायट्रस ऑक्साइडपासून : २.२९९० ग्रॅम
अमोनियम नायट्राइटपासून : २.२९८७ ग्रॅम

हे आकडे वहीत उतरवून घ्या आणि नीट पाहा. हवेतले सगळे २.३१ च्या आसपास, संयुगातले सगळे २.३० च्या आसपास. मधे कोणीच नाही. एप्रिल १८९४ मध्ये हे सारे त्यांनी रॉयल सोसायटीपुढे ठेवले.

आळशी वायू

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम रॅम्झी यांनी या कोड्यात रस घेतला. त्यांनी रॅले यांची संमती घेऊन हवेतल्या नायट्रोजनवर प्रयोग सुरू केले. तापलेले मॅग्नेशियम नायट्रोजनला शोषून घेते. रॅम्झी नायट्रोजन मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवत गेले. जसजसा वायू कमी होत गेला, तसतशी उरलेल्याची घनता वाढत गेली. हायड्रोजनच्या तुलनेत १४ असलेली ती चढत चढत १९ च्या वर पोहोचली. काहीतरी जड मागे राहत होते.

तिकडे रॅले यांनी जुने कागद चाळले. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ साली हवेत ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडल्या होत्या आणि नायट्रोजन संपवत आणला होता. शेवटी एक छोटासा बुडबुडा उरला. तो मूळ नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून जास्त नाही, असे कॅव्हेंडिश यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले होते. शंभराहून अधिक वर्षे त्या बुडबुड्याकडे कोणी पाहिले नाही. रॅले यांनी तोच प्रयोग अधिक जोरदार ठिणग्यांनी केला आणि तोच बुडबुडा त्यांच्याही हाती आला. आरंभी जास्त हवा घेतली की तो मोठा येई, कमी घेतली की लहान. म्हणजे तो प्रयोगात तयार होत नव्हता, हवेतच होता.

१८९४ च्या उन्हाळ्यात दोघांची पत्रे सारखी ये-जा करत होती. शोध कोणाचा यावरून भांडण व्हायला ही अगदी पक्की जागा होती. दोघांनी तो एकत्र जाहीर करायचे ठरवले. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत पहिली घोषणा झाली. हा वायू कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘आर्गॉन’ हे नाव मिळाले. ३१ जानेवारी १८९५ रोजी संपूर्ण निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

सगळ्यांनी लगेच मान डोलावली असे नाही. भौतिकीच्या माणसाने आपल्या अंगणात येऊन नवे मूलद्रव्य काढावे, हे काही रसायनशास्त्रज्ञांना खटकले. आवर्तसारणीचे जनक मेंडेलीव्ह यांनाही शंका होती. हे मूलद्रव्य नसून नायट्रोजनच्याच तीन अणूंचा रेणू असावा, असे त्यांना वाटले, कारण सारणीत आर्गॉनसाठी घरच नव्हते. रॅले आणि रॅम्झी यांनी आर्गॉनमधील ध्वनीचा वेग मोजून दाखवले की, त्याचा रेणू एकाच अणूचा आहे. रॅले यांचा ध्वनीचा अभ्यास येथे असा कामी आला.

पुढे रॅम्झी यांनी १८९५ साली पृथ्वीवर हेलियम शोधला आणि १८९८ साली मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन. आवर्तसारणीला एक नवा स्तंभच जोडावा लागला. हे रॅम्झी पुढे भारतातही येऊन गेले. जमशेटजी टाटा यांच्या मनातल्या विज्ञान संस्थेची जागा ठरवण्यासाठी १९०० साली त्यांना बोलावले होते. त्यांनी बंगळूरची शिफारस केली आणि १९०९ साली तेथेच भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली.

मानसन्मान आणि अखेर

१९०४ साली रॅले यांना भौतिकीचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रॅले यांनी पारितोषिकाची रक्कम केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली. तिच्या आधारे कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची इमारत वाढवली गेली. १९०५ ते १९०८ ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९०८ पासून अखेरपर्यंत केंब्रिज विद्यापीठाचे कुलपतिपद त्यांच्याकडे होते. चारशेहून अधिक शोधनिबंध त्यांनी लिहिले. ३० जून १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट हेही नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झाले आणि त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले.

आर्गॉन आज आपल्या ओळखीचा आहे. पिवळ्या प्रकाशाच्या जुन्या बल्बमध्ये तार जळू नये म्हणून तो भरत. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगसाठी त्याची नळकांडी कारखान्यांतून लागतात. हवेत त्याचे प्रमाण ०.९३ टक्के आहे. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा वर्गखोलीत सुमारे दीड हजार लिटर आर्गॉन असतो. हा हिशेब स्वतः करून पाहा. एवढा वायू सर्वांच्या नाकासमोर होता आणि तरी तो तराजूत पकडावा लागला!

आपल्यासाठी

हे चरित्र आम्ही निवडले त्याला कारण आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधी लिहायचे आणि निरीक्षणे मागाहून त्याला जुळवून घ्यायची, ही सवय सर्वच शाळांतून दिसते. लोलकाचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला की गुण मिळतात, न जुळला की कापले जातात. मग मुले दुसरे काय करणार? रॅले यांनी असे केले असते, तर त्यांची वही अगदी सुबक दिसली असती आणि आर्गॉन हवेतच राहिला असता.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे : काटा जेथे थांबला तेच लिहा. आकडा जुळला नाही तर खोडू नका. शेजारी प्रश्नचिन्ह घाला आणि पुन्हा मोजा. तरीही जुळला नाही तर रीत बदलून मोजा. पालकांना विनंती अशी की, मुलांची वही पाहताना किती गुण मिळाले याच्या आधी काय दिसले ते विचारावे. आणि विश्वस्त मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते की, शाळेच्या गरजांची यादी करताना प्रयोगशाळेतला एक चांगला तराजू त्यात वरच्या जागी असावा.

जाता जाता घरी करण्याजोगा एक प्रयोग देतो. फुटबॉलमध्ये त्याचा आकार पूर्ण गोल होईल इतपतच हवा भरा आणि स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वाटीत ठेवून तोला. मग पंपाने तो चांगला टणक होईपर्यंत हवा भरा आणि पुन्हा तोला. फरक काही ग्रॅमचा येईल. प्रत्येक वजन पाच वेळा घ्या आणि पाचही आकडे लिहा, न जुळणारेही. तुमच्या नोंदी विज्ञानाच्या सरांकडे किंवा बाईंकडे द्या. पुढच्या अंकात त्यांतल्या निवडक नोंदी आम्ही छापू. निवड करताना उत्तर किती बरोबर आले हे पाहणार नाही, नोंद किती खरी आहे ते पाहू.